कळसूबाईवरची टाकी

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत एक यंत्र आलं होतं. आलं म्हणजे भाड्याने, दोन तासांपुरतं. गटार साफ करणाऱ्या गाडीवर लेख काय लिहायचा, असं आधी मलाही वाटलं. पण ते दोन तास काही डोक्यातून जाईनात, आणि डोक्यात राहिलेलं इथे उतरवून ठेवायची मला आता सवय लागली आहे. विषय थोडा नाकाला पदर लावण्यासारखा आहे, पण वाचकहो, शेवटपर्यंत वाचा अशी विनंती.

तर झालं असं. आमची वसाहत गावाबाहेर वाढलेली. नगरपालिकेचं भुयारी गटार इथवर अजून पोचलेलं नाही, त्यामुळे चोवीस बिऱ्हाडांत मिळून एक सेप्टिक टाकी. पावसाळ्याच्या तोंडावर ती तुंबली आणि तळमजल्यावरच्यांच्या मोरीतून पाणी उलटं यायला लागलं. तातडीची सभा बसली. सेक्रेटरींनी दोन भाव काढून आणले होते. मशीनवाला ९,००० रुपये मागत होता. दुसरा कंत्राटदार म्हणत होता, दोन माणसं पाठवतो, ४,५०० मध्ये टाकी रिकामी करून देतो. सभेचा कल कुठे होता हे सांगायला नकोच. "इतकी वर्षं माणसंच करतात की," असं दोघे-तिघे एकदम म्हणाले.

मी कमिटीत महिला सदस्य आहे, आणि अक्षर बरं म्हणून इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे असतं. लिहिता लिहिता मी वहीच्या कडेला भागाकार केला. फरक ४,५०० चा, घरं चोवीस. म्हणजे प्रत्येक घरामागे १८७ रुपये ५० पैसे. मी तो आकडा मोठ्याने वाचला. क्षणभर शांतता. मग एक गृहस्थ म्हणाले, "काकू, प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे." कुठलं तत्त्व ते मला अजून कळलेलं नाही. असो.

मी सभा जिंकली असं मात्र समजू नका. तळमजल्यावरचे कुलकर्णी वैतागून म्हणाले, "जो आज येईल त्याला बोलवा." मशीनवाला त्याच दुपारी यायला तयार होता, माणसं दोन दिवसांनी येणार होती. मशीन आलं ते घाईमुळे. माझ्या भागाकारामुळे नव्हे.

आता ते यंत्र. एका छोट्या ट्रकवर पाण्याची टाकी, एक पंप, आणि रहाटासारख्या रिळावर गुंडाळलेला जाड काळा पाइप. पाइपाच्या टोकाला लहानशा पेरूएवढं लोखंडी बोंड, त्याला ते लोक नोझल म्हणतात. मी गॅलरीतून खाली उतरून जवळ गेले तर चालवणारा मुलगा ओरडला, "आजी, मागं सरका! पाणी न्हाय, सुरी हाय ती!"

मी मागे सरकले, पण विचारायचं काही सोडलं नाही (चाळीस वर्षं मुलांना प्रश्न विचारले, सवय जात नाही). मला वाटलं होतं, त्या बोंडातून पाणी पुढे उडत असेल आणि घाण ढकलत असेल. तर नाही! बहुतेक भोकं मागच्या बाजूला. मागे जोराने पाणी सुटलं की बोंड पुढे सरकतं, दिवाळीतल्या बाणासारखं. न्यूटनचा तिसरा नियम आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर फुगा सोडून दाखवायचे, तोच इथे गटारात. बोंड पाइपाला ओढत पार आतपर्यंत जातं, आणि मग रीळ उलटं फिरवून मागे खेचलं की त्याच धारा आतला गाळ खरवडत चेंबरपर्यंत घेऊन येतात. तिथून दुसऱ्या जाड नळीने तो शोषून टँकरमध्ये. टाकीच्या तळाला बसलेला घट्ट थरही त्याच धारेने फोडून पातळ केला आणि उपसून घेतला. दोन तासांत काम झालं. कोणीही आत उतरलं नाही.

पंपावर घड्याळासारखी तबकडी होती, काटा १५० वर. "दीडशे बार," मुलगा म्हणाला. बार म्हणजे काय ते त्याला नीट सांगता येईना. संध्याकाळी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. तो भोसरीच्या एमआयडीसीत अशाच धारेने पत्रे कापायच्या यंत्रावर आहे. तो म्हणाला, "बाई, सोपं आहे. गच्चीवरची टाकी नळापेक्षा १० मीटर उंच असली तर नळाला एक बार दाब मिळतो. तुमच्या त्या मशीनला १५० बार. म्हणजे टाकी १,५०० मीटर उंच हवी."

१,५०० मीटर! मी नकाशा आठवला. आपल्या महाराष्ट्रात सगळ्यात उंच कळसूबाई, १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या शिखरावर टाकी बांधायची, तिथून थेट समुद्राच्या काठापर्यंत नळ आणायचा आणि तोटी सोडायची, साधारण तेवढा जोर त्या ट्रकवरच्या पंपातून येत होता. इतक्या दाबाने सुटलेली धार ताशी ६०० किलोमीटरच्या वेगाने निघते असंही त्याने हिशेब करून सांगितलं. मला तो मुलगा का ओरडला ते तेव्हा समजलं.

पाण्याच्या धारेला कामाला लावणं आपल्याला नवं नाही. १९१५ पासून खोपोलीला टाटांचं वीज केंद्र चालू आहे. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी घाटावरून नळांतून सुमारे ५०० मीटर खाली आणायचं आणि तोटीतून चाकाच्या वाट्यांवर मारायचं, की चाक फिरतं आणि वीज तयार होते. तिथे उंची डोंगराने दिली. इथे ती पंप देतो, एवढाच फरक. आणि पंपाने दिलेली उंची किती वाढवता येते ते ऐकून मी थक्कच झाले.

माझा दुसरा एक विद्यार्थी साखर कारखान्यात आहे. उसाचा रस आटवायची जी मोठाली भांडी असतात त्यांच्या पोटात शेकडो नळ्या असतात, आणि हंगामात त्यांना आतून दगडासारखा थर चढतो, आपल्या गीझरला चढतो तसाच. पूर्वी कॉस्टिक सोडा उकळून आणि मग ब्रश घालून तो खरवडत असत. आता बऱ्याच ठिकाणी पाण्याची धार घालतात. तेल शुद्धीकरण कारखाने, औष्णिक वीज केंद्रं, सगळीकडे नळ्यांची साफसफाई अशीच, कित्येकशे बारच्या दाबाने. जहाजाच्या तळावरचा जुना रंग आणि गंज त्याने काढतात. विमानतळाच्या धावपट्टीवर टायरचं रबर घासून चिकटून बसतं, तेही त्याने निघतं. जुन्या पुलाचं खराब झालेलं काँक्रीट १,००० बारच्या वर दाब देऊन असं उडवतात की आतल्या सळया जशाच्या तशा राहतात. हातोड्याने हे जमत नाही.

आणि भोसरीचा मुलगा काय करतो? चार हजार बार! सुईच्या टोकाएवढ्या भोकातून धार, तिच्यात बारीक कठीण वाळू मिसळलेली, आणि ती जाड पोलादी पाट कापते. आवाजाच्या वेगाच्या दुपटीहून जास्त वेग. "आणि गंमत म्हणजे बाई, कापताना लोखंड तापत नाही, त्यामुळे कडा बिघडत नाही." वाळू घातली नाही तर त्याच धारेने कागद, स्पंज, भाजी, केकसुद्धा कापतात म्हणे.

अर्थात अशा गोष्टीला खेळवणं सोपं नाही. साखर कारखान्यातल्याने एक सांगितलं ते मला विसरता येत नाही. त्यांच्याकडे एकाच्या पायावरून धार क्षणभर गेली. बुटाला छोटं भोक, कातडीला मुंगी चावल्यासारखी खूण. तो म्हणाला काही नाही झालं. पण पाणी आणि घाण कातडीच्या आत खोलवर शिरलेली असते, आणि वेळेवर शस्त्रक्रिया केली नाही तर पाय जाऊ शकतो. त्याला ताबडतोब हलवलं म्हणून वाचला. म्हणूनच या कामाला प्रशिक्षण लागतं, जाड बूट लागतात, चेहऱ्यावर झाकण लागतं, आणि पाय उचलताक्षणी पाणी बंद करणारा पेडल लागतो. कारखान्यांत हे सगळं आता हळूहळू पाळलं जातं.

हे सगळं ऐकून मला आधी आपल्या मुलांचा अभिमान वाटला. रात्री मात्र झोप लागेना. ज्या देशात पाण्याने पोलाद कापतात, त्या देशात गाळ काढायला माणूस का उतरतो? पोलाद जास्त कठीण की गाळ?

इथे मला माझी एक गोष्ट सांगायला हवी. आजवर कोणाला सांगितली नव्हती.

सन १९८० नंतरची गोष्ट. मी तेव्हा आठवीच्या वर्गाला मराठी शिकवत होते. शाळेच्या मागच्या बाजूला मुलांचे संडास आणि त्यांची टाकी. एके दिवशी दुपारी ती उपसायला दोन माणसं आली. बादली, दोरी, एक लांब काठी. झाकण उघडल्यावर जो वास सुटला त्याने मुलं नाक दाबून हसायला लागली. मी त्यांना दटावलं आणि खिडक्या लावून घ्यायला सांगितलं. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "बाई, पाणी प्यायला जाऊ?" तास नुकताच सुरू झाला होता. मी म्हणाले, आत्ता नाही. तो खाली बसला. तास संपल्यावर मी व्हरांड्यातून जाताना पाहिलं, तो टाकीपाशी उभा होता आणि त्या दोघांपैकी एकाच्या हातांवर तांब्याने पाणी घालत होता. त्या माणसाच्या खांद्यापर्यंत घाण होती.

नंतर मी शाळेच्या रजिस्टरमध्ये पाहिलं. वडिलांचा व्यवसाय: नोकरी. एवढंच. लिहिणाऱ्यालाही पुढचा शब्द लिहावासा वाटला नसेल. मी त्या मुलाशी या विषयावर कधी बोलले नाही. काय बोलायचं ते सुचलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले. खरं तर त्या वेळी मला त्यात बोलण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. दर वर्षी गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला मी खराट्यावर भाषण करत होते, आणि त्या दुपारी मात्र मी खिडकी लावून घेतली.

बरं, हे जुनं झालं म्हणावं तर तसंही नाही. २०१५ मध्ये चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा चित्रपट मी थिएटरात जाऊन पाहिला. त्यातल्या खटल्याच्या मुळाशी गटारात मरण पावलेला एक सफाई कामगार आहे. आम्ही सगळे फार प्रभावित होऊन घरी आलो. पुढच्याच वर्षी आमच्या सोसायटीची टाकी साफ झाली. मी तेव्हा खजिनदार होते. परवा जुनी फाइल काढली तर व्हाउचर सापडलं: 'टाकी सफाई, मजुरी, दोन इसम.' खाली माझी सही. त्या दोन इसमांना काही झालं नाही, हे आमचं नशीब. आमची काळजी नव्हे.

कारण काय होऊ शकतं ते आता मी वाचून घेतलं आहे. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू साठतो. कुजक्या अंड्यासारखा त्याचा वास. पण प्रमाण वाढलं की नाकाला तो वास येणंच बंद होतं, म्हणजे माणसाला वाटतं आता हवा बरी आहे. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे खालीच बसून राहतो. दोन-चार श्वासांत शुद्ध जाते. वरचा माणूस सोबत्याला काढायला उतरतो, तोही जातो. मग तिसरा. वर्तमानपत्रात अशा बातमीत नेहमी दोन-तीन नावं का असतात, हे मला तेव्हा कळलं. ती माणसं एकमेकांना वाचवायला गेलेली असतात.

डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका सोसायटीची टाकी साफ करताना तीन कामगार असेच गेले. त्यांच्या बायका उच्च न्यायालयात गेल्या आणि २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. हे दहा लाख कुठून आले? २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला एवढी भरपाई द्या. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने ती ३० लाख केली. आणि २०१३ चा कायदा म्हणतो की गटारात वा सेप्टिक टाकीत कोणालाही धोकादायक सफाईसाठी, म्हणजे सुरक्षेच्या साधनांशिवाय, उतरवायचं नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा फक्त नगरपालिकांसाठी नाही. 'कोणतीही व्यक्ती' असं त्यात आहे. म्हणजे आमचे सेक्रेटरी, आणि व्हाउचरवर सही करणारी मीसुद्धा.

मग कायदा आहे, यंत्र आहे, तरी माणूस का उतरतो? मला सांगितली गेलेली कारणं प्रामाणिकपणे मांडते, कारण ती अगदीच खोटी नाहीत.

एक म्हणजे पैसे. ते वर आलंच. दुसरं, गल्ल्या अरुंद, मोठी गाडी आत शिरत नाही. तिसरं, पाण्याची धार गाळ फोडते पण दगड, विटा, चिंध्या उचलत नाही. आणि लाइनमध्ये काय काय सापडतं! त्या मुलाने आमच्या टाकीतून निघालेलं दाखवलं: सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर, फडकी, गुटख्याच्या पुड्या, आणि निर्माल्याची अख्खी पिशवी. ते आभाळातून पडलेलं नव्हतं. चौथं, पाणी. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या गावात गटार धुवायला पाणी कुठून आणायचं, असं माझ्या दिरांनी विचारलं. आणि पाचवं कारण आमच्या सभेत एका बाईंनी सांगितलं, "त्या बिचाऱ्यांच्या पोटावर पाय कशाला आणायचा?"

उलट बाजूही सांगते. अरुंद गल्ल्यांसाठी २०१७ मध्ये हैदराबादने छोटी जेटिंग यंत्रं काढली. दगड-गाळ उचलण्यासाठी तिरुवनंतपुरमच्या तरुण इंजिनिअरांनी 'बँडिकूट' नावाचा यंत्रमानव तयार केला, तो २०१८ पासून कामाला लागला. पाण्याचं म्हणाल तर मोठ्या शहरांत आता अशा गाड्या आहेत की गटारातलंच पाणी गाळून पुन्हा धारेला वापरतात, चांगल्या पाण्याचा थेंब जास्त लागत नाही. आणि वेळेवर उपसलेल्या टाकीला माणूस लागतच नाही, कारण तळाचा थर दगड होण्याआधीच निघतो. आपल्याच वाई आणि सिन्नरच्या नगरपरिषदांनी २०१८ पासून घराघरांच्या टाक्या दर तीन वर्षांनी ठरल्या वेळापत्रकाने गाडीने उपसायची सोय केली. तुंबल्यावर धावाधाव नाही. आपल्याकडे मात्र 'तुंबेल तेव्हा बघू' हाच राजमार्ग.

पोटावर पाय, याचं उत्तर मला सगळ्यात आवडलं. हैदराबादच्या त्या यंत्रांच्या कामात 'दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स' ही संस्था होती. ती मिलिंद कांबळे यांनी २००५ मध्ये पुण्यात सुरू केलेली. २०१९ मध्ये दिल्लीनेही अशी २०० यंत्रं आणली, तिथेही हीच संस्था. कल्पना अशी की यंत्र कुणा बड्या कंत्राटदाराच्या हाती न देता, जो माणूस आत उतरत होता त्यालाच, किंवा आत मेलेल्याच्या घरच्यांना, बँकेचं कर्ज मिळवून देऊन यंत्राचा मालक करायचं. ज्याच्या पायाखाली गटार होतं त्याच्या हाती चावी. पोटावर पाय येत नाही, पाय गटारातून बाहेर येतात.

तरीही यंत्रं धूळ खात उभी राहतात आणि माणसं उतरतात, याचं खरं कारण या पाचांत नाही. ते सहावं आहे आणि सभेत कोणी उच्चारत नाही. ते म्हणजे जात. हे काम 'त्यांचं' आहे, हे आपण इतकं गृहीत धरलं आहे की यंत्राची गरजच वाटत नाही. कारखान्यातली नळी तुंबली तर हंगामाचे लाखो रुपये बुडतात, म्हणून तिथे धार पोचली. गटार तुंबलं तर एक माणूस स्वस्तात मिळतो, म्हणून इथे धार पोचायला वेळ लागतो. तंत्रज्ञान आपोआप पोचत नाही. जिथे माणसाची किंमत जास्त लावतात, तिथे ते आधी जातं.

आपल्या कोकणात एका माणसाला हे फार आधी कळलं होतं. अप्पासाहेब पटवर्धन, ज्यांना कोकणचे गांधी म्हणत. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी संडास सफाईचं काम मागितलं. तुम्ही त्या जातीचे नाही म्हणून ते नाकारलं गेलं, तेव्हा त्यांनी उपोषण केलं, आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधीजींनीही. पण मला अप्पांचं मोठेपण त्याच्या पुढचं वाटतं. नुसतं स्वतः झाडू हाती घेऊन ते थांबले नाहीत. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी संडासाच्या रचनेवरच प्रयोग केले, ज्यात कोणाला मैला हाताने उचलावा लागणार नाही आणि त्याचं खत होईल. 'सोपा संडास' असं साधं नाव. कामाला पवित्र म्हणून ओवाळायचं, की कामच असं बदलायचं की ते कोणाच्याही वाट्याला येऊ नये? अप्पांनी दुसरं निवडलं. आपण अजून पहिल्यावरच टाळ्या वाजवतो आहोत. कामगाराला हार घालतो, पाय धुतो, फोटो काढतो, आणि ४,५०० चा भाव मंजूर करतो.

२०२३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी सांगितलं की 'मॅनहोल' जाऊन 'मशीनहोल' यायला हवं. शब्द चांगला आहे. मी मराठीची शिक्षिका, शब्दांना कमी लेखणार नाही. पण शब्द दिल्लीत बदलतो आणि टाकीचं झाकण आपल्या अंगणात उघडतं.

म्हणून माझी तुम्हा सगळ्यांना, विशेषतः नातेवाईक मंडळींना (तुम्ही सगळे कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या कमिटीत आहात हे मला ठाऊक आहे!) काही साधी मागणी आहे. टाकी किंवा लाइन साफ करायची वेळ येईल तेव्हा भाव मागतानाच विचारा: कोणी आत उतरणार आहे का? उतरणार असेल तर तो भाव घेऊच नका. यंत्र आलं तरी झाकण आधी उघडून हवा खेळू द्या, कोणाला वाकून आत डोकावू देऊ नका, काडी पेटवू देऊ नका, मुलांना लांब ठेवा. चालवणाऱ्याच्या पायात बूट आणि हातात मोजे आहेत का ते बघा. आमच्या मुलाच्या पायात स्लीपर होती, ते मी नंतर त्याच्या मालकाला फोन करून सांगितलं. गाळ नेऊन कुठे ओतणार तेही विचारा, नाहीतर आपली घाण दुसऱ्याच्या ओढ्यात. दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसून घ्या, तुंबायची वाट बघू नका. आणि घरातल्या सुनांना, लेकींना, आणि हो, पुरुषांनाही सांगा, संडास म्हणजे कचराकुंडी नाही.

"यात काय एवढं" म्हणाल. नसेलही. पण आमच्या पुढच्या सभेत मी ठराव मांडला की यापुढे सोसायटीच्या टाकीत वा चेंबरमध्ये कोणीही माणूस उतरवायचा नाही, खर्च कितीही येवो. तत्त्वाचा प्रश्न म्हणणारे गृहस्थ त्या दिवशी गैरहजर होते. एकाने विचारलं, "कितीही येवो असं कशाला लिहायचं?" बरीच चर्चा झाली. शेवटी तेवढे तीन शब्द गाळून ठराव मंजूर झाला. मी इतिवृत्तात तसंच लिहिलं आहे. चर्चा झाली हेही लिहिलं आहे.

तो मागच्या बाकावरचा मुलगा आता साठीच्या जवळ आला असेल. कुठे आहे, काय करतो, मला माहीत नाही. मी त्याला पाणी प्यायला सोडलं नव्हतं, एवढंच आठवतं.

तुमच्या सोसायटीची जुनी व्हाउचरं एकदा काढून बघा. 'मजुरी, दोन इसम' असं कुठे लिहिलेलं आहे का, आणि खाली सही कोणाची आहे.